वाचक विचारतात : दाभोळची मशीद नेमकी कोणत्या शतकातली?

गेल्या अंकात दाभोळच्या खाडीवर जो लेख आला होता, त्यात तेथील शाही मशिदीचा उल्लेख जेमतेम दोन ओळींचा होता. पत्रे मात्र त्या दोन ओळींवरच सर्वाधिक आली. त्यांतील पाच प्रश्न निवडले आहेत. पत्रलेखकांची नावे न छापता गावे तेवढी दिली आहेत.

दापोलीहून एक शिक्षिका विचारतात : ही मशीद १५५९ साली बांधली असे मी एका ठिकाणी वाचले, तर दुसऱ्या ठिकाणी १६५९ साल सापडले. शाळेची सहल तेथे न्यायची आहे. मुलांना कोणते साल सांगावे? आणि विजापूरच्या शहजादीची गोष्ट खरी मानावी का?

मुलांना सतराव्या शतकाचा मध्य सांगावा, असे माझे मत आहे. दोन सालांत बरोबर शंभर वर्षांचे अंतर आहे, यावरूनच शंका यायला हवी. १५५९-६० आणि १६५९-६० यांत फरक एका अंकाचा. कोणाच्या तरी हातून तो अंक चुकला आणि पुढे एकाचे पाहून दुसऱ्याने उतरवला, हे छापील मजकुरात नेहमी घडते. साल ठरवताना मी दोन गोष्टी पाहतो : इमारतीची घडण आणि तिच्याभोवतीचा इतिहास.

घडण प्रथम. विजापूरच्या आदिलशाही इमारतींत जसजसे पुढे यावे तसतसा घुमट तळाशी आत ओढला जातो, पोट फुगवून वर चढतो, आणि त्याच्या मुळाशी दगडी पाकळ्यांचे कडे येते. घुमट छतावर नुसता ठेवलेला न वाटता कळीतून उमलल्यासारखा वाटावा, हा त्यामागचा हेतू. मिनारही सडपातळ होतात आणि प्रत्येकाच्या टोकाला तशीच छोटी घुमटी बसते. इब्राहीम रोझा या विजापूरच्या मकबऱ्याच्या, म्हणजे सतराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकातल्या कामाच्या, पुढची ही शैली आहे. दाभोळच्या मशिदीत मधला मोठा घुमट, चार कोपऱ्यांवरचे चार बारीक मिनार आणि दर्शनी तीन कमानी यांची जी मांडणी दिसते, ती या उत्तरकाळातल्या विजापूरच्या कारागिरांच्या हातची वाटते. पहिला अली आदिलशहा १५५८ मध्ये तख्तावर आला, आणि विजापूरची मोठी जामा मशीद त्याच्याच कारकिर्दीत उभी राहू लागली. म्हणजे १५५९ खरे धरले तर राजधानीतले काम आकाराला येण्याआधीच त्याची पुढची पायरी किनाऱ्यावरच्या बंदरात गाठली गेली, असे मानावे लागेल. ते मला पटत नाही.

आता शहजादीची गोष्ट. १८८० च्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये ती नोंदवली गेली आहे आणि गावात आजही ती थोड्याफार फरकाने सांगतात. आयेशा बीबी नावाची विजापूरची राजकन्या, जिला लोक ‘माँसाहेबा’ म्हणत, ती मक्केला जाण्यासाठी वीस हजार घोडदळ घेऊन दाभोळला आली. समुद्रावर चाच्यांचा सुळसुळाट असल्याने तिला जहाजावर चढता आले नाही. बरोबर पंधरा लाख रुपये होते, तेव्हा हजचे पैसे सत्कारणी लागावेत म्हणून तिने येथेच मशीद बांधायला घेतली. कामील खान नावाच्या कारागिराने चार वर्षांत काम पुरे केले, घुमटावर सोन्याचा मुलामा चढला, शिखरावर सोन्याची चंद्रकोर बसली, आणि खर्चासाठी भोपणसह आठ गावांचे उत्पन्न लावून देण्यात आले.

यातले वीस हजार घोडेस्वार मी सरळ सोडून देईन. तीर्थयात्रेला निघालेली स्त्री एवढी फौज नेत नाही, आणि नेली असती तर दाभोळच्या चिंचोळ्या किनारपट्टीवर तिला वैरण कोठून मिळाली असती, हा प्रश्न गोष्ट सांगणाऱ्याला पडलेला नाही. उरलेल्या गोष्टीकडे मात्र मी दुर्लक्ष करणार नाही, कारण अगदी त्याच वर्षांत विजापूरची एक राजस्त्री खरोखर मक्केला गेलेली आहे. महंमद आदिलशहाची विधवा राणी खदीजा सुलताना, जिला ‘बडी साहेबा’ म्हणत, १६६१ मध्ये डच कंपनीच्या जहाजातून तिकडे रवाना झाली. ‘बडी साहेबा’ आणि ‘माँसाहेबा’ ही नावे एकमेकांच्या किती जवळची आहेत पाहा. समुद्र धोक्याचा होता आणि स्वतःच्या जहाजावर विसंबता येत नव्हते, हेही दोन्हीकडे सारखेच. पोर्तुगीजांचा परवाना घेतल्याशिवाय निघालेले तारू ते लोक वाटेत धरत, तेव्हा डचांच्या तोफा असलेले जहाज हा शहाणपणाचा मार्ग होता. माझा तर्क असा की, राणीच्या यात्रेची आठवण किनाऱ्यावर राहिली, ती दाभोळच्या इमारतीला चिकटली, आणि गेलेली राणी गोष्टीत न गेलेली शहजादी झाली. हा तर्कच आहे, पुरावा म्हणून मुलांना सांगू नये.

या सगळ्यात एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. परंपरेने येणारे हिजरी १०७० हे वर्ष सप्टेंबर १६५९ ते सप्टेंबर १६६० असे पडते. याच काळात, नोव्हेंबर १६५९ मध्ये, प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान मारला गेला, शिवाजी महाराजांचे सैन्य लगोलग कोकणात उतरले, खानाचा माल असलेली जहाजे दाभोळहून राजापूरला हलवली गेली आणि त्यावरून तेथील इंग्रज वखारीशी मराठ्यांचा तंटा झाला. अशा धामधुमीत दाभोळला निवांतपणे घुमटावर मुलामा चढत होता, हे संभवत नाही. तेव्हा १०७० हे काम सुरू झाल्याचे वर्ष नसून संपल्याचे असावे आणि त्याआधीची चार वर्षे बांधकामाची धरावीत, तर हिशेब बसतो. बांधकाम १६५६ च्या आसपास सुरू झाले असेल तर महंमद आदिलशहा नुकताच वारला होता किंवा वारणार होता, विजापूरचा खजिना अजून भरलेला होता आणि बंदर त्याच्याच हाती होते. ‘सतराव्या शतकाचा मध्य’ असे मी म्हणतो ते यासाठी.

चिपळूणचे एक वाचक लिहितात : आमच्या खाडीकाठच्या गावांतल्या जुन्या मशिदी कौलारू आहेत, लाकडी खांबांच्या आहेत, लांबून पाहिल्या तर एखाद्या मोठ्या घरासारख्या दिसतात. दाभोळची मशीद मात्र एकदम वेगळी. असे का? आणि आमच्याकडच्या पावसात तो घुमट टिकला कसा?

प्रश्न विचारतानाच आपण अर्धे उत्तर दिले आहे. गावातली मशीद गावातल्या सुताराने आणि गवंड्याने बांधली, त्याला जे बांधता येत होते त्या रीतीने. जांभ्याचे चिरे, सागाचे किंवा फणसाचे खांब, तुळया, वाशांवर पूर्वी नळीची आणि नंतर मंगलोरी कौले, चारही बाजूंना उतरते छप्पर. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथे पाणी अंगावर न घेता झटकन खाली सोडणे हेच शहाणपण. घर, देऊळ, मशीद, तिघांनाही पाऊस सारखाच लागतो, म्हणून तिघांची छपरे एकमेकांसारखी. आपल्या कोकणातल्या कित्येक जुन्या देवळांचे सभामंडप आणि खाडीकाठच्या मशिदी यांची लाकडी चौकट एकाच सुताराच्या हातची वाटावी इतकी सारखी असते.

दाभोळची मशीद कोकणात आहे, पण ती कोकणी नाही. ती घाटावरून उतरलेली इमारत आहे. विजापुरात वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथल्या कारागिराला सपाट गच्ची, तिच्याभोवती नक्षीदार कठडा आणि मधोमध घुमट ही रचना सवयीची. त्याने तीच जशीच्या तशी येथे आणली. मोजमापे सांगायची तर इमारत सुमारे ६३ फूट लांब आणि ५४ फूट रुंद, घुमटाची उंची ७५ फूट. विजापूरच्या मानाने हे लहान काम आहे, पण खाडीच्या पाण्यावरून येणाऱ्याला त्या काळी याहून उंच दुसरे काहीच दिसत नसणार. माडांच्या शेंड्यांवरून डोके काढणारा घुमट ही बंदराची खूण होती. ‘हे विजापूरचे दार आहे’ असे गलबतावरच्या माणसाला दुरूनच कळावे, यासाठीच घाटावरची शैली न बदलता ठेवली असेल, असे मला वाटते. येथल्या सुतारांना सांगितले असते तर त्यांनी उत्तम कौलारू मशीद बांधून दिली असती. बांधणाऱ्याला ती नको होती.

पाऊस आणि घुमट यांविषयी. घुमटाला स्वतःला पाऊस फारसा छळत नाही, गोल पाठीवर पाणी थांबतच नाही. खरा धोका असतो तो घुमटाच्या तळाशी, जेथे वरून आलेले सगळे पाणी सपाट गच्चीवर उतरते. गच्चीला पुरेसा उतार नसेल, पन्हाळी तुंबल्या असतील, तर पाणी चुन्याच्या थरात मुरते, दोन दगडांमधला चुना मऊ पडतो आणि त्या फटीत पिंपळाचे बी रुजते. पाखराच्या विष्ठेतून आलेले मोहरीएवढे बी दोन पावसाळ्यांत बोटाएवढे मूळ सोडते, आणि ते मूळ पुढे दगड सरकवते. चुन्याचा गिलावा ठरावीक वर्षांनी पुन्हा चढवावा लागतो तो याच कारणासाठी. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी : अशा इमारतीला सिमेंटचा गिलावा करू नये. चुना ओल घेतो आणि वाळल्यावर सोडतोही. सिमेंट ओल आत कोंडून ठेवते, मग दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. जुन्या वास्तूंच्या बाबतीत ही चूक आपल्याकडे देवळांपासून किल्ल्यांपर्यंत सर्रास होते.

गेल्या डिसेंबरात मी धोपाव्याहून फेरीबोटीने पलीकडे गेलो तेव्हा ऊन उतरले होते. बोटीवर माझ्या शेजारी दोन दुचाक्या, एक आंब्याच्या रोपांनी भरलेला टेम्पो आणि मासळीच्या टोपल्या घेतलेल्या दोन बाया होत्या. त्यांपैकी एकीने मला विचारले, “काय बघताव एवढा?” मी घुमटाकडे बोट दाखवले. “ती होय,” म्हणाली, “ती काय रोजचीच.” घुमटाच्या तळाच्या पाकळ्या पाण्यावरून दिसत नाहीत. त्या पाहायच्या असतील तर मशिदीच्या बाजूला उभे राहून मान वर करावी आणि सूर्य पश्चिमेला कलेपर्यंत थांबावे. तिरपे ऊन पडले की एकेका पाकळीच्या कडेला सावलीची बारीक रेघ उमटते आणि दुपारी सपाट दिसणारे कडे एकदम उठून दिसते. मशिदीचे तोंड पूर्वेला आहे, कारण आपल्याकडून मक्केची दिशा पश्चिमेच्या किंचित उत्तरेला येते आणि मेहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा, त्या भिंतीत असतो. म्हणून दर्शनी कमानींचे कोरीव काम पाहायचे तर सकाळ, आणि घुमट पाहायचा तर संध्याकाळ. नमाजाची वेळ टाळावी, आणि आत जाण्याआधी तेथील जमातीच्या कोणा माणसाला विचारावे.

गुहागरहून आलेला प्रश्न : दाभोळचा वीज प्रकल्प आणि ही मशीद एकाच ठिकाणी आहेत का?

नाही. प्रकल्पाला दाभोळचे नाव मिळाले, पण तो खाडीच्या दक्षिणेला, आपल्याच तालुक्यात, वेलदूर-अंजनवेलच्या बाजूला आहे. दाभोळ गाव उत्तर काठावर, दापोली तालुक्यात.

रोह्याचे एक वाचक विचारतात : ही कोकणातली सर्वांत जुनी मशीद म्हणावी का? आणि एवढेसे दाभोळ एकेकाळी खरेच मोठे शहर होते का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. होते, आणि बरेच मोठे होते. बहामनी राज्याला अरबी घोडा लागत असे, आणि तो समुद्रमार्गे येत असे. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी दक्षिणेत फिरला आणि परतीच्या प्रवासाला दाभोळहूनच जहाजात बसला. या बंदरात निरनिराळ्या देशांतून घोडे आणले जातात, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. बहामनींचा प्रसिद्ध वजीर महमूद गावान इराणच्या गिलान प्रांतातून १४५३ मध्ये हिंदुस्थानात आला, तोही दाभोळलाच उतरला. बीदरला आजही त्याच्या मदरशाचे अवशेष उभे आहेत. त्या इमारतीमागची इराणी दृष्टी या खाडीतून आत गेली, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही.

मग १५०८ चा डिसेंबर आला. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा मुलगा लोरेन्सू त्याच वर्षी चौलच्या लढाईत मारला गेला होता. त्याचा सूड घ्यायला दीवकडे निघालेल्या आल्मेदाने वाटेत दाभोळ लुटले, जाळले आणि माणसे कापली. दाभोळवर ओढवला तसा फिरंग्यांचा कोप तुझ्यावर ओढवो, असा शाप पुढे लोकांच्या तोंडी झाला, असे सांगतात. शहर पुन्हा उभे राहिले, तर १५४७ मध्ये जुआंव द कास्त्रोने ते परत उद्ध्वस्त केले. दाभोळमध्ये सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धापूर्वीचे फारसे काही धड उभे नाही, याचे आश्चर्य वाटायला नको. आज आपण पाहतो ती मशीद दुसऱ्यांदा सावरलेल्या शहराची आहे.

आता पहिला प्रश्न. कोकणातली मशिदीची परंपरा दाभोळहून कितीतरी जुनी आहे. इ. स. ९१६ च्या सुमारास अल्-मसूदी हा बगदादचा प्रवासी सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला आला होता. तेथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, ते सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले आहेत, काहीजण येथेच जन्मलेले आहेत, आणि त्यांच्यातल्या एकाला राजाने त्यांचे न्यायनिवाडे करण्यासाठी नेमले आहे, असे तो लिहितो. त्या अधिकाऱ्याला ‘हुनरमन’ म्हणत. राजा अर्थात राष्ट्रकूट. त्याच शतकातल्या इतर अरबी भूगोलकारांनी सैमूर आणि संजाण येथे जामा मशिदी असल्याचे नोंदवले आहे.

केवळ प्रवाशांच्या लिहिण्यावर हे अवलंबून नाही. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेल्या इ. स. ९२६ च्या ताम्रपटात राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीने संजाण मंडळाचा कारभार पाहणाऱ्या ‘मधुमती’ नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. मधुमती म्हणजे महंमद, संस्कृतच्या घोटात मुरलेला. आणि ताम्रपटाचा विषय काय, तर एका मठाला दिलेले दान. हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या किनाऱ्याचे असे चित्र शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही, म्हणून जरा लांबण लावली.

त्या दहाव्या शतकातल्या मशिदींपैकी एकही आज उभी नाही. त्या बहुधा लाकडी आणि कौलारूच असणार, आणि लाकूड या हवेत किती काळ तग धरणार! तेव्हा दाभोळच्या मशिदीला ‘सर्वांत जुनी’ न म्हणता, दक्षिण कोकणातील विजापुरी शैलीचे सर्वांत पूर्ण उदाहरण म्हणावे. तेवढा मान तिला पुरेसा आहे.

मुंबईच्या भायखळ्याहून एक वाचक लिहितात : आमचे मूळ गाव दाभोळजवळचे. आजोबा सांगत की क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद पाण्यावर उभी आहे आणि ती कोकणी मुसलमानांनी उभारली. यात तथ्य किती?

आजोबांचे दोन्ही म्हणणे खरे आहे. शेख मेमन स्ट्रीटवरच्या या मशिदीची जागा मूळ एका हिंदू व्यापाऱ्याची. गोवा आणि कालिकतशी त्याचा व्यापार होता. जागेत एक जुना तलाव होता, आणि तलाव बुजवायचा नाही या अटीवरच त्याने ती विकली. बांधकाम १७७५ मध्ये सुरू झाले, पण जागेवरून कोर्टकज्जे लागले आणि १८०२ उजाडेपर्यंत ते पुरे झाले नाही. आरंभी ती एकमजलीच होती. १८३७ मध्ये महंमद अली रोघे या धनाढ्य कोकणी जहाजमालकाने वरचा मजला चढवला. रोघे घराण्याचे नाव मुंबईत नाखुदा म्हणून प्रसिद्ध होते. तुमच्या आमच्या किनाऱ्यावर ज्याला नाखवा म्हणतात, तोच हा शब्द. पुढे १८७४ मध्ये, एका कोकणी मुसलमानाने ठेवलेल्या देणगीतून, तलावाच्या तळापासून काळ्या दगडाच्या सोळा कमानी उभारल्या गेल्या आणि मशिदीचा भार त्यांच्यावर आला. तलावाला दगडी पायऱ्या आणि बांध १८९३ मध्ये झाले.

दाभोळशी तुलना केली तर गंमत वाटते. तेथे घुमट आणि मिनारांचा थाट आहे. येथे वरचा मजला लाकडी खांबांच्या पाच रांगांवर पेललेला आहे, प्रत्येक खांबाला धर्मग्रंथ ठेवण्यासाठी कोनाडा केलेला आहे, आणि सभोवती दुकाने भाड्याने दिलेली आहेत, ज्यांच्या उत्पन्नावर मशिदीचा खर्च चालतो. दाभोळला आठ गावांचे इनाम होते आणि राज्य बदलल्यावर ते गेले. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी इनामाची वाट न पाहता गाळे बांधले. जहाजे चालवणाऱ्या माणसांचा हा हिशेबीपणा मला फार आवडतो.

राहता राहिला तलाव. तो आजही आहे. तळातल्या झऱ्यांवर तो भरतो, पाण्याची खोली सुमारे दहा फूट असल्याचे जुन्या नोंदींत आहे, आणि वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्यासाठी, पायरीवर बसलेल्या माणसाच्या हाताशी सोनेरी-रुपेरी मासे येतात. आजोबांच्या गावाकडे निघालात तर त्याआधी एकदा तेथे जाऊन या. मग धोपाव्याच्या धक्क्यावरून पलीकडचा घुमट पाहताना दोन्ही इमारती एकाच समाजाच्या किनाऱ्यावर किती वेगळ्या रीतीने बांधल्या गेल्या, ते आपोआप लक्षात येईल.